वायरलेस कंट्रोलरची बॅटरी लवकर का संपते, आणि चार्जिंगची कोणती पद्धत निवडावी?

तुम्ही विचारलंय, की दीड-दोन वर्षांतच कंट्रोलरची बॅटरी निम्म्यावर आली. आता नवा घ्यायचा तर आतल्या बॅटरीचा घ्यावा की सेल घालायचा, डॉक (कंट्रोलर ठेवून चार्ज करायचा स्टँड) घेण्यात अर्थ आहे का, आणि रात्रभर चार्जिंगला लावल्यामुळे तर हे झालं नसेल ना. कन्सोल कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तिघांचेही कंट्रोलर धरून उत्तर देतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमच्या कन्सोलवर किंवा पीसीवर चालत असेल तर दोन एए सेलवर चालणारा कंट्रोलर आणि जोडीला चांगल्या रिचार्जेबल सेलच्या दोन जोड्या, याहून टिकाऊ व्यवस्था नाही. ते शक्य नसेल तर आतल्या बॅटरीचा कंट्रोलर जरूर घ्या, पण ती बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागणार हे गृहीत धरूनच.

आता बॅटरी लवकर का संपते ते बघू. बरेच जण एमएएचचा, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचा, आकडा बघून कंट्रोलर निवडतात आणि तिथेच फसगत होते. सोनीच्या प्लेस्टेशन ५ च्या डुअलसेन्स कंट्रोलरमध्ये १५६० एमएएचची, ३.६५ व्होल्टची बॅटरी असते, म्हणजे साधारण ५.७ वॉट-तास ऊर्जा. निन्टेन्डो स्विचच्या प्रो कंट्रोलरमध्ये १३०० एमएएच, म्हणजे सुमारे ४.८ वॉट-तास. डुअलसेन्सची बॅटरी मोठी, तरी तो गेमप्रमाणे ६ ते १२ तास चालतो आणि प्रो कंट्रोलरचा कंपनीने दिलेला आकडा आहे सुमारे ४० तास. बॅटरी मोठी असूनही वेळ एक-तृतीयांशाहूनही कमी. फरक पडतो तो खर्चात. डुअलसेन्समध्ये हाताला बारीकसारीक थरथर जाणवून देणारे अ‍ॅक्चुएटर (कंप निर्माण करणारे भाग) आहेत, ट्रिगर बोटाला विरोध करतात त्यासाठी वेगळ्या मोटर आहेत, शिवाय स्पीकर, मायक्रोफोन आणि दिव्याची पट्टी.

गेल्या काही पिढ्यांचा इतिहासही हेच सांगतो. निन्टेन्डोचा २००२ मधला वेव्हबर्ड दोन एए सेलवर १०० तासांपर्यंत चालायचा, कारण त्यात व्हायब्रेशनच नव्हतं. सोनीच्या डुअलशॉक ३ ची बॅटरी फक्त ६१० एमएएचची होती आणि तो ३० तासांपर्यंत जायचा. २०१३ च्या डुअलशॉक ४ मध्ये बॅटरी १००० एमएएचची झाली आणि तास मात्र ४ ते ८ वर आले. दिव्याची पट्टी, स्पीकर आणि टचपॅड एकदम आले होते. म्हणून कंट्रोलर घेताना खोक्यावरच्या एमएएचपेक्षा लोकांना प्रत्यक्षात किती तास मिळतात ते शोधा.

या तासांचा संबंध थेट बॅटरीच्या आयुष्याशी आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं मूळ मला इथेच दिसतं. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर (एक चक्र म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी एकदा संपणं) मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. समजा तुम्ही रोज ४ तास खेळता. ८ तास चालणाऱ्या कंट्रोलरचं दर दोन दिवसांनी एक चक्र पूर्ण होतं, म्हणजे वर्षाला १८० च्या वर. ४० तास चालणाऱ्याचं दहा दिवसांनी एक, वर्षाला ३६ किंवा ३७. दोन वर्षांत पहिल्याची बॅटरी थकायला लागलेली असते आणि दुसरीने जेमतेम ७०-७५ चक्रं पाहिलेली असतात. म्हणजे तुमच्या हातून काही चुकलंच असेल असं नाही. जास्त वीज खाणाऱ्या कंट्रोलरची बॅटरी लवकर म्हातारी होते, इतकं हे सरळ आहे.

म्हणूनच नवा घेण्याआधी खर्च कमी करून बघा. त्याचा फायदा दुहेरी आहे: आज तास वाढतात आणि बॅटरीवर चक्रं कमी पडतात. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसरीजखाली व्हायब्रेशनची आणि ट्रिगरच्या परिणामाची तीव्रता कमी करता येते, दिव्यांचा उजेड मंद करता येतो, स्पीकरचा आवाज उतरवता येतो. पॉवर सेव्हिंगमध्ये कंट्रोलर आपोआप बंद व्हायची वेळ १० मिनिटांवर ठेवा. हा शेवटचा बदल सगळ्यांनी करावा असं मला मनापासून वाटतं, कारण सिनेमा बघताना किंवा मध्येच उठून गेल्यावर कंट्रोलर नुसता पडून जागा राहतो आणि ती वीज कुणाच्याच कामी येत नाही. ट्रिगरची मजा मात्र पूर्ण घालवू नका. ज्या गेममध्ये ती खरंच जाणवते तिथे चालू ठेवा, बाकीच्या ठिकाणी ‘कमी’वर भागतं. कंट्रोलरच्या जॅकला हेडफोन लावलात तर त्यांनाही याच बॅटरीतून वीज जाते, हेही लक्षात असू द्या.

आता सेलवाल्यांकडे वळू. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा नेहमीचा कंट्रोलर दोन एए सेलवर चालतो आणि कंपनी ४० तासांपर्यंतचा आकडा देते. ‘एवढ्या महागड्या यंत्रात अजून सेल?’ असं बरेच जण नाक मुरडून म्हणतात. मला मात्र यातच शहाणपण दिसतं. सेल थकले की सेल बदला, कंट्रोलर तसाच राहतो. खेळ ऐन रंगात असताना सेल संपले तरी अर्ध्या मिनिटात दुसरी जोडी घालून पुढे चालू.

पण सेल निवडायला हवेत. निकेल-मेटल हायड्राइडचे, आणि त्यातही पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवणारे घ्या. जुने रिचार्जेबल सेल ड्रॉवरमध्ये ठेवले की काही आठवड्यांत बरेच रिकामे व्हायचे. सान्योने २००५ मध्ये एनेलूप आणले तेव्हापासून हे चित्र पालटलं, आणि आता इतर कंपन्यांचेही तसे सेल मिळतात. २००० एमएएचच्या दोन सेलमध्ये मिळून ४.८ वॉट-तास भरतात, म्हणजे प्रो कंट्रोलरच्या आतल्या बॅटरीइतकेच. नव्या अल्कलाइन जोडीपेक्षा तास थोडे कमी मिळतील, पण ते शेकडो वेळा. अल्कलाइन सेल कंट्रोलरमध्ये घालून महिनोन्‌महिने विसरू नका. ते गळतात, आणि पट्ट्यांवर गंज चढला की नुकसान कंट्रोलरचं होतं.

दोन गोष्टींचा गोंधळ नेहमी होतो. रिचार्जेबल सेलचा व्होल्टेज १.२, अल्कलाइनचा सुरुवातीला १.५. त्यामुळे पूर्ण भरलेले सेल घातले तरी स्क्रीनवरचं चिन्ह कधीकधी अर्धंच दिसतं. घाबरू नका, हे सेल बराच काळ त्याच व्होल्टेजवर तग धरतात. याच्या उलट, स्थिर १.५ व्होल्ट देणारे लिथियम एए सेल हल्ली मिळतात. त्यांचं चिन्ह शेवटपर्यंत भरलेलं दिसतं आणि मग कंट्रोलर काही न सांगता बंद पडतो. मला ते त्यासाठीच नकोसे वाटतात.

दुसरा गोंधळ केबलचा. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला यूएसबी केबल जोडली की तो केबलवर चालतो, पण आतले एए सेल चार्ज होत नाहीत, रिचार्जेबल असले तरी नाही. त्यांना वेगळा चार्जर लागतो. केबलने चार्ज होतो तो कंपनीचा खास बॅटरी पॅक, जो सेलच्या जागी बसतो. त्याचा दावा ३० तासांपर्यंतचा आहे आणि तो ४ तासांच्या आत भरतो. ज्यांना सेल काढणं-घालणं आवडत नाही त्यांच्यासाठी तो ठीक आहे, आणि थकला की तोही एकटाच बदलता येतो. सेलसाठी चार्जर घ्याल तर प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासून थांबणारा घ्या. जोडीनेच चार्ज करणाऱ्या स्वस्त चार्जरमध्ये एक सेल जास्त भरतो, दुसरा कमी, आणि जोडी लवकर खराब होते.

रात्रभर चार्जिंगची काळजी फारशी करू नका. बॅटरी भरली की कंट्रोलरमधलं सर्किट चार्जिंग थांबवतं, एका रात्रीने काही बिघडत नाही. लिथियम बॅटरीला खरा त्रास होतो तो उष्णतेचा, आणि कायम शंभर टक्के किंवा कायम शून्यावर राहण्याचा. कन्सोलच्या गरम हवेच्या झोतात किंवा उन्हात पडलेला कंट्रोलर दिवसरात्र केबलला लावलेला असेल तर ती सवय मोडा. एक-तृतीयांश उरली की चार्जला लावायची, पूर्ण संपायची वाट बघायची नाही, एवढं पुरे. काही महिने खेळायचं नसेल तर अर्ध्याच्या आसपास भरून ठेवा आणि अधूनमधून थोडी चार्ज करा. पूर्ण रिकामी होऊन पडलेली बॅटरी पुन्हा उठत नाही असं होऊ शकतं.

डॉकचा फायदा बॅटरीला नाही, पोर्टला आणि तुमच्या सवयीला आहे. डुअलसेन्सचं अधिकृत चार्जिंग स्टेशन कंट्रोलरच्या खालच्या बाजूच्या संपर्कबिंदूंवरून चार्ज करतं, त्यामुळे यूएसबी पोर्टची रोजची ओढाताण वाचते. घरात दोन कंट्रोलर असतील तर डॉक घ्याच, एकासाठी केबल पुरते. जॉय-कॉनवाल्यांनी (स्विचचे सुटे होणारे छोटे कंट्रोलर) एक तपासावं: मूळ स्विचसोबत आलेली ग्रिप, म्हणजे ते दोन्ही बसवायची मूठ, चार्ज करत नाही, ते काम वेगळ्या विकल्या जाणाऱ्या चार्जिंग ग्रिपचं किंवा कन्सोलचं.

फोनचा फास्ट चार्जर वापरला तर कंट्रोलर जळेल ही भीती निराधार आहे. चांगला यूएसबी-सी चार्जर ५ व्होल्टपासून सुरुवात करतो आणि उपकरणाने मागितल्याशिवाय व्होल्टेज वाढवत नाही. पण त्याने चार्जिंग वेगानेही होणार नाही. डुअलसेन्सला सुमारे ३ तास आणि स्विचच्या प्रो कंट्रोलरला सुमारे ६ तास लागतात, चार्जर कितीही दणकट असो. काही स्वस्त कंट्रोलर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत. तिथे एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून बघा. आणि चार्ज होतोय पण केबलवर कन्सोल ओळखत नाही, असं झालं तर त्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतील.

तुमच्या आताच्या कंट्रोलरचं म्हणाल, तर तो टाकू नका. डुअलशॉक ४ मागचे चार स्क्रू काढून उघडतो आणि बॅटरी कनेक्टरने जोडलेली असते, सोल्डरिंग लागत नाही. डुअलसेन्सला आधी कडेची पट्टी अलगद काढावी लागते, म्हणून संयम जास्त लागतो. स्विचच्या प्रो कंट्रोलरमध्ये सीटीआर-००३ ही बॅटरी असते, तीच निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या हातात धरायच्या कन्सोलमध्येही आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी. त्याचा परिणाम पुढच्या कंट्रोलरच्या रचनेवर होईल अशी मला आशा आहे.

नवी बॅटरी मागवण्याआधी कंट्रोलर उघडून जुनीवरचं लेबल आणि कनेक्टर नीट बघा. डुअलशॉक ४ च्या जुन्या आणि नंतरच्या आवृत्तीचे कनेक्टर वेगळे आहेत, आणि चुकीची बॅटरी बसतच नाही. त्याच आकारात दुप्पट एमएएच सांगणाऱ्या बॅटरीवर विश्वास ठेवू नका. उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली, किंवा उघडण्याआधीच कंट्रोलरच्या दोन भागांमधली फट रुंद झालेली असेल, तर चार्जिंग त्याच क्षणी बंद करा. तिला दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ई-कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्या. बॅटरी सपाट असेल तर आधी वर सांगितलेली सेटिंग्ज बदलून आठवडाभर खेळा. तरीही तास वाढले नाहीत, तर नवी बॅटरी घालून बघा, आणि नव्या कंट्रोलरचा विचार त्यानंतर करता येईल.