जुन्या अलॉयला रंग देण्याआधी

प्रश्न : कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फियाट १२४ स्पायडरची चार क्रोमोडोरा अलॉय व्हील्स मिळताहेत. माझ्या प्रीमियर ११८ एनईला बसतील का? आधी ब्लास्टिंग (वाळूसारख्या कणांचा जोरदार मारा) करून मग रंग द्यावा असं गॅरेजवाला म्हणतो.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ११८ एनई मुळात फियाट १२४ वरच बेतलेली गाडी. त्यामुळे ४ बोल्ट आणि ९८ मिमी पीसीडी (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) जुळायला हवी, तरी दुकानातच मोजून घ्या. एका भोकाच्या डाव्या कडेपासून बरोबर समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत जे अंतर भरेल, ती पीसीडी. १०० मिमी भरली तर व्हील परत करा. २ मिमीचा फरक नजरेला कळत नाही, बोल्टही आत जातो. पण तो भोकाच्या शंकूसारख्या बैठकीत सरळ न बसता एका अंगाला दाबून बसतो. पान्याला घट्ट लागतो आणि रस्त्यावर सैल होत जातो.

दुसरं, धातू ओळखा. त्या काळातली काही इटालियन व्हील्स मॅग्नेशियमची होती. आतल्या बाजूने नाण्याएवढा रंग खरवडून पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. लगेच बुडबुडे फुटले तर मॅग्नेशियम. ॲल्युमिनियमवर थेंब शांत पडून राहतो. मॅग्नेशियमला ग्राइंडर अजिबात लावू नका. त्याचा कीस पेट घेतो आणि पाणी मारलं की आग आणखी भडकते. अशी व्हील्स रोजच्या गाडीला लावू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता ब्लास्टिंग. इथे गॅरेजवाल्याचा क्रम चुकतोय. ब्लास्टिंगच्या माऱ्याने धातूचा वरचा थर चेपला जातो आणि बारीक तड्यांची तोंडं बुजतात. मग तपासणीत काहीच दिसत नाही. म्हणून आधी पेंट रिमूव्हरने रंग काढा. कॉस्टिक सोडा वापरू नका, तो ॲल्युमिनियम खातो. मग डाय पेनिट्रंटची, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाची, चाचणी करा. यात तीन स्प्रे कॅन लागतात : क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर. लाल डाय मारून १० ते १५ मिनिटं थांबा, क्लीनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा (क्लीनर थेट व्हीलवर फवारला तर तड्यातला डायही धुऊन जातो), वर डेव्हलपरचा पातळ थर द्या. १० मिनिटांत तडा असेल तिथे केसासारखी लाल रेघ उमटते. स्पोकच्या मुळाशी किंवा बोल्टच्या भोकाजवळ रेघ दिसली तर ते व्हील बाद. तिथे वेल्डिंग करून देणारे भेटतील, करून घेऊ नका.

अलॉय जाड असतात, त्यामुळे लोखंडी डिस्कचे, म्हणजे साध्या लोखंडी चाकांचे, बोल्ट आखूड पडतात. हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) निदान ६-७ पूर्ण आटे जायला हवेत.

प्रश्न : जुन्या अलॉयला पावडर कोटिंग (कोरडी पावडर मारून भट्टीत पिकवलेला रंग) केलं, तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले. पावडर खराब होती का?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : पावडर बहुधा चांगलीच असेल. ओतीव धातूच्या छिद्रांत अडकलेली हवा, जुनं तेल आणि ग्रीस भट्टीत तापून पावडरचा थर फोडून वर येतात. थर उतरवून व्हील नीट धुवा आणि पावडर मारण्याआधी रिकामंच भट्टीत तापवा, म्हणजे हा वायू आधीच निघून जाईल. मात्र पावडर साधारण २०० अंशांना पिकते, आणि तेवढी उष्णता वारंवार दिली तर उष्णतेने कडक केलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं. दुसऱ्या खेपेलाही खड्डे आले तर भट्टीचा नाद सोडा. इपॉक्सी प्रायमरवर टू-पॅक पीयू (दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन) रंग द्या.

कोणताही रंग देताना हबला टेकणारी पाठ आणि बोल्टचे शंकू मास्किंग टेपने झाका. तिथला जाड थर बोल्टखाली चेपतो आणि आवळलेला बोल्ट ढिला पडतो. बसवल्यावर ५० ते १०० किमीनंतर टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा.

प्रश्न : आरशासारखं पॉलिश केलेली व्हील्स पावसाळ्यात पांढरी पडतात. क्लिअर कोट (पारदर्शक लॅकर) मारू का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नको. इतक्या गुळगुळीत पृष्ठभागावर लॅकर नीट धरत नाही. खडी लागून एक टवका उडाला की खारं पाणी आत शिरतं आणि थराखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरत जातात. पॉलिश उघडंच ठेवा, साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मेण लावा. वॉशिंग सेंटरवर ॲसिडचा क्लीनर मारू देऊ नका.