एकट्यानं चोख काम करणारा मीटिंगमध्ये गप्प का?

आठ जणांची टीम सांभाळणाऱ्या एका मॅनेजरची तक्रार अशी होती: “एकाला एकट्यानं काम दिलं की चूक सापडत नाही, पण मीटिंगमध्ये तो तोंड उघडत नाही. दुसरी सगळ्यांच्या मदतीला धावते आणि तिचं स्वतःचं काम मागे पडतं. दोघांना एका पातळीवर कसं आणू?”

आणू नका, हे पहिलं उत्तर. आधी दोन आठवडे नोंदी ठेवायला सांगितलं. दिवस संपताना प्रत्येकानं चार ओळी लिहायच्या: काय केलं, एकट्यानं की कुणासोबत, त्यानंतर हुरूप आला की थकवा, आणि कुठे अडलं. एखादं काम उत्तम जमतं म्हणून त्याकडे कल असतोच असं नाही. ज्यात हातखंडा आहे तेच काम माणसाला रोज दमवत असेल, तर ते नुसता निकाल पाहून कळत नाही.

नोंदींतून दिसलं की गप्प राहणाऱ्याला टीमचं वावडं नव्हतं. ऐनवेळी समोर आलेल्या विषयावर त्याला लगेच बोलता येत नव्हतं. मदतीला धावणारीचा कल समजावून सांगण्याकडे होता आणि वाट्याला आला होता आकडे जुळवण्याचा किचकट भाग, ज्यात दर अडथळ्यानंतर पुन्हा सुरुवातीपासून बघावं लागतं.

मग बदल ठरले. सकाळी 10 ते 12 मीटिंग नाही, चॅट बंद. ग्राहकाचं काम त्याच दिवशी अडणार असेल तरच फोन. मीटिंगचे विषय आदल्या दिवशी लेखी द्यायचे, सुरुवातीची पाच मिनिटं सगळ्यांनी मुद्दे लिहायचे आणि मग वाचायचे. मदतीसाठी तिचा 3 ते 4 हा तास राखला आणि तो तिच्या कामातच धरला. त्या बदल्यात आकड्यांचा काही भाग त्याच्याकडे गेला. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची टिपणं ती लिहिते, तो तपासतो.

आठ जणांत 28 जोड्या होतात. प्रत्येकानं प्रत्येकाशी बोलत राहायचं ठरवलं तर कामाला वेळच उरणार नाही. म्हणून काम एकाकडून दुसऱ्याकडे कधी जाणार, एवढेच टप्पे पक्के केले.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा मॅनेजरच 11 वाजता “फक्त दोन मिनिटं” म्हणून हाक मारतो आणि नियम तिथेच मोडतो. चोख माणसावर सगळ्यांची तपासणी येऊन पडते. “तो एकलकोंडा आहे, त्याला विचारू नका” असा शिक्का बसतो, म्हणून वाटणी दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहावी. वार्षिक मूल्यमापनात फक्त वैयक्तिक आकडे मोजले तर मदत करणारी व्यक्ती हरते, हे आम्हाला सर्वात अन्यायाचं वाटतं. उलट बाजूही आहे. फ्रेंच अभियंता रिंगेलमन यांनी 1913 मध्ये दाखवलं की दोर ओढणारी माणसं वाढली की माणशी जोर घटतो. त्याचं एक कारण एकमेकांचा मेळ न बसणं, दुसरं हात सैल पडणं. तेव्हा सामायिक कामातही प्रत्येक तुकड्यापुढे एक नाव आणि एक तारीख हवी.

एक सावधगिरी मात्र हवीच. आधी बोलणारा माणूस अचानक गप्प झाला, तर त्याला स्वभाव समजू नका. चारचौघांत झालेला अपमान, कामाचा अतिभार, घरची अडचण किंवा आजारपण, यांपैकी काहीही असू शकतं. अशा वेळी कामाची वाटणी बदलण्याआधी त्याला एकट्याला भेटा, काय चाललंय ते विचारा आणि त्या भेटीत कामाचा हिशेब काढू नका.