पहिल्या वाचकांचे शेरे आले, आता पुढे?

कादंबरीचा खर्डा वाचलेल्या पाच जणांचे शेरे हातात आले की लगेच तो उघडू नकोस. आठ-पंधरा दिवस जाऊ देत, हवं तर रोज रंकाळ्यावर चक्कर मार. मग सगळे शेरे एका वहीत प्रकरणवार उतरव. मूळ खर्ड्याची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेव, ती लागतेच.

माझ्या कादंबरीत गुऱ्हाळ होतं. ते प्रकरण मी एका गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, वाचून दाखवलं. तो म्हणाला, "भेंडीचं पाणी नाही, मळी काढली नाही, आणि थेट गूळ ओतलासा व्हय?" उसाचा रस साफ करायच्या पायऱ्याच मी वगळल्या होत्या. असली चूक त्याच दिवशी दुरुस्त करायची, तिथं वाद नाही.

'कंटाळा आला' हा शेरा मात्र वेगळा. तिघांनी माझ्या नवव्या प्रकरणावर बोट ठेवलं. मी ते दोनदा नव्यानं लिहिलं, तरी जमेना. खोट चौथ्यात होती. आईचं कर्ज तिथंच उघड केल्यानं पुढची उत्सुकताच मेली होती. म्हणून वाचक अडखळला ती जागा खरी मान, त्यानं सुचवलेला उपाय मात्र तपासून घे. एकट्याचीच तक्रार असेल, तर दुसऱ्या कुणाला तिथं काय वाटलं ते आधी बघ.

आणि 'आवडली का?' असं विचारूच नकोस, घरचे हो म्हणणारच. कुठं वाचन थांबवलंस, कुठली पानं नुसती चाळलीस, कुणाचं नाव विसरलास, हे विचार. ते बोलत असताना मधेच समजावत बसू नकोस, फक्त लिहून घे.