वाचकांचे प्रश्न : जुनं विमान, नवा वेग

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातली विमानं शर्यतीत उडताना मोबाईलवर पाहिली. मुलगा म्हणतो, एवढा खर्च करून ठणठणीत केलेलं विमान पडेलच कसं? - एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : मुलाला १६ सप्टेंबर २०११ची गोष्ट सांगा. अमेरिकेत रेनोच्या विमान शर्यतीत ‘गॅलोपिंग घोस्ट’ नावाचं पी-५१ मस्टँग, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, प्रेक्षकांजवळ कोसळलं. वैमानिकासह ११ जण गेले. वेगासाठी त्याचे पंख आखूड केले होते. पण घात केला तो शेपटीवरच्या एका छोट्या हलत्या पट्टीने, ट्रिम टॅबने. तिचे स्क्रू धरणारे लॉकनट, म्हणजे हादऱ्याने ढिले होऊ नयेत असे नट, जुने, आतली पकड झिजलेली. स्क्रू ढिले झाले, शर्यतीच्या वेगात पट्टी फडफडायला लागली आणि तिचा दांडा तुटला. विमान एकदम वर उसळलं. वैमानिकावर वजनाच्या १७ पट भार आला. शुद्ध राहणार कशी? मोठे बदल करून त्यांची पुरेशी चाचणीच घेतली नव्हती, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. बिचाऱ्या प्रेक्षकांचा काय दोष?

माझं आयुष्य वर्कशॉपात गेलं. एकदा सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्राची चाळणी अशाच जुन्या नटामुळे सुटली. यंत्र जमिनीवर होतं, म्हणून बंद करता आलं.

मुलाला एक नायलॉक नट, म्हणजे लॉकनटचाच एक प्रकार, हातात द्या. आतलं नायलॉनचं कडं दाखवा. नवा नट कड्यापाशी अडतो, पाना लागतो. बोटांनीच शेवटपर्यंत फिरला, तर तो भंगारात टाकायचा.