ऑपरेशननंतर रक्ताच्या गाठी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आईचा खुबा मिरजेत बदलला. दहाव्या दिवशी ती वॉकर घेऊन चालायला लागली. रक्त पातळ करायची गोळी अजून तीन आठवडे लिहिली आहे. आता थांबवली तर? (तासगाव)

थांबवू नका. पेशंट चालायला लागला की घरचे निर्धास्त होतात, आणि गोळ्या नेमक्या तेव्हाच सुटतात. मोठ्या ऑपरेशननंतर रक्त गोठण्याकडे शरीराचा कल काही आठवडे राहतो. टाके निघाले म्हणून तो जात नाही. त्यामुळे खुबा बदलल्यावर औषध साधारण ३५ दिवस चालतं, गुडघ्याला निदान १० ते १४ दिवस, पोटातल्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनला बहुधा २८ दिवस. दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन मात्र मनाने आणू नका. या गोळीबरोबर रक्तस्रावाची भीती वाढते.

प्रश्न: रक्त पातळ करायचं इंजेक्शन पोटावर देतो तिथे काळंनिळं पडतं. (पलूस)

थोडं पडतंच. बेंबीपासून दोन इंच लांब, एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे द्या. नंतर चोळू नका. डाग पसरत गेला किंवा लघवीतून, शौचातून रक्त दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

प्रश्न: वडिलांच्या ऑपरेशनला पंधरा दिवस झाले. कालपासून डावी पोटरी सुजून दुखतेय. तेल लावून रगडून काढावी का? (जत)

अजिबात नको! आपल्याकडे पाय दुखला की तेलाची वाटी आधी पुढे येते. एकाच पायाला सूज, पोटरी गरम आणि दाबल्यावर दुखरी, म्हणजे आत शिरेत गाठ असू शकते. रगडल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊन अडकण्याची भीती असते. आजच दवाखाना गाठा. डॉपलर सोनोग्राफीत (शिरांमधला रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी) बहुतेक वेळा निदान होतं. गाठ नाही निघाली तर उत्तमच, हेलपाटा वाया गेला असं समजू नका. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, थुंकीत रक्त पडलं, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.

प्रश्न: गुडघा बदलून तीन आठवडे झाले. मुलाचं गलाईचं (सोनं-चांदी गाळायचं) दुकान कोचीला आहे, तिकडे जायचंय. (विटा)

महिना-दीड महिना थांबता आलं तर थांबा, लांबच्या प्रवासात बसून बसून गाठीची भीती वाढते. जाणं भागच असेल तर डॉक्टरांना विचारून रेल्वेने जा, मोटारीपेक्षा बरी. डब्यात उठून फिरता तरी येतं. बसल्या जागी पावलं वर-खाली हलवत राहा. आणि शौचालयाची कटकट नको म्हणून पाणी कमी पिऊ नका.