'नॅस'वर घर चालेल का?

प्रश्न : मुलगा सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर रोज संध्याकाळी सातपासून रात्री दीडपर्यंत मोबाइलवर 'नॅस' करतो. दिवाळीनंतर तर अडीच वाजायचे. दोन विषय राहिलेत. म्हणतो, नोकरी नको, फुल-टाइम ट्रेडर होणार. त्यासाठी 45 हजारांचा कोर्स लावायचाय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मला यातलं काही कळत नाही. अडवू की करू देऊ? – एक आई, तासगाव तालुका

ताई,

दीडचे अडीच का झाले, ते आधी सांगतो. अमेरिकेत नोव्हेंबरात घड्याळं एक तास मागे घेतात, त्यामुळे न्यूयॉर्कचा बाजार आपल्याकडे सातऐवजी आठला उघडतो. म्हणजे मुलगा गेम खेळत नाही, बाजारच बघतो. एवढं त्याच्या बाजूने.

'नॅस' म्हणजे नॅसडॅक 100. 1985 साली सुरू झालेला हा निर्देशांक नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारातल्या शंभर मोठ्या कंपन्यांच्या भावांची एकत्रित चाल दाखवतो. बँका, विमा वगैरे वित्तीय कंपन्या त्यात घेत नाहीत. लोक त्याला टेक्नॉलॉजीचा निर्देशांक म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे, पण पेप्सिको आणि कॉस्टकोही त्यात आहेत. उलट ओरॅकल एवढी मोठी सॉफ्टवेअर कंपनी, पण 2013 मध्ये ती न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर गेली आणि यातून बाहेर पडली. चिरंजीवांना एकदा विचारा, ओरॅकल यात का नाही? उत्तर आलं तर पोराने मुळापासून वाचलंय. नाही आलं, तर तो फक्त भावाच्या आलेखातल्या हिरव्या-लाल मेणबत्त्या बघतोय.

शंभर कंपन्या असल्या तरी वजन सारखं नसतं. कंपनी जितकी मोठी, तितका तिचा वाटा जास्त. जुलै 2023 मध्ये वरच्या सात-आठ कंपन्यांचं वजन इतकं वाढलं, की नॅसडॅकला वेळापत्रकाबाहेर खास फेरवाटप करावं लागलं. 27 जानेवारी 2025 ला चीनच्या डीपसीक या एआय कंपनीच्या बातमीने चिप बनवणारी एनव्हिडिया एका दिवसात 17 टक्के पडली आणि अख्खा निर्देशांक तिच्यामागे जवळपास 3 टक्के खाली ओढला गेला.

आता तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या त्याच्या अ‍ॅपच्या स्क्रीनशॉटबद्दल. ताई, मला काळजी त्याचीच वाटते. त्यावर 'यूएस 100' लिहिलंय, म्हणजे हाच नॅसडॅक 100, आणि खाली 'लेव्हरेज 1:100'. म्हणजे वीस हजार रुपयांवर वीस लाखांचा सौदा. निर्देशांक एक टक्का उलटा गेला की वीस हजार संपले, आणि नॅसडॅकला एक टक्का म्हणजे चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. 9 एप्रिल 2025 ला आपल्याकडे रात्री पावणेअकराच्या सुमारास ट्रम्पनी आयातशुल्काला नव्वद दिवसांची स्थगिती जाहीर केली. निर्देशांक त्या दिवशी 12 टक्के वर बंद झाला. त्या रात्री ज्यांनी 'शॉर्ट' करून, म्हणजे भाव पडेल यावर पैसे लावून ठेवले होते, त्यांची खाती काही मिनिटांत साफ झाली असणार.

दुसरं म्हणजे, असल्या अ‍ॅपवर सौदा बहुधा बाजारात जातच नाही. तो अ‍ॅपवाल्याशीच लावलेली पैज असते. खरे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, शिकागोच्या सीएमई एक्स्चेंजवर होतात. तिथला लहान, 'मायक्रो' सौदासुद्धा निर्देशांकाच्या एका पॉइंटला दोन डॉलरचा. पण मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यापोटी ठेवायच्या रकमेसाठी, परदेशात पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवायची जी सवलत आहे, ती यासाठी चालत नाही. मग पोरं करतात काय, तर यूपीआयने कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे टाकतात आणि अ‍ॅपमध्ये डॉलर दिसतात. तो माणूस सायबर गुन्ह्यात सापडला, तर पोलीस तुमच्या मुलाचंही खातं गोठवू शकतात. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याचं शिष्यवृत्तीचं खातं असंच चार महिने बंद होतं. फी भरायला आईने पाटल्या गहाण ठेवल्या.

म्हणून भांडू नका, एकच मागा : 'तुझी कॉन्ट्रॅक्ट नोट दाखव.' आपल्याकडच्या नोंदणीकृत ब्रोकरकडे सौदा झाला की कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची अधिकृत पावती, मिळतेच. त्याच्याकडे ती नसेल, तर वर्षभर त्याने केलं ते ट्रेडिंग नव्हे.

'मग मी कायदेशीर करतो, निफ्टीत करतो,' असं तो म्हणेल. म्हणू दे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2024 मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला, त्यात फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभरातल्या 93 जणांना तोटा झालेला होता. माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. मला कुणी विचारलं तर तिशीपर्यंत हे उत्पन्नाचं साधन धरूच नये, असं मी सांगतो. काहींना ते पटत नाही.

45 हजारांचा कोर्स लावू नका. रोज कमावणारा माणूस शिकवण्या घेत बसत नाही, हे तुम्हाला मास्तरणीला मी काय सांगू! त्याऐवजी सेबीच्या एनआयएसएम संस्थेच्या परीक्षा आहेत, रसायनीजवळ पाताळगंगेला तिचा मोठा कॅम्पस आहे. डेरिव्हेटिव्ह्जची, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सची, परीक्षा साधारण दीड हजारात होते. रिसर्च अ‍ॅनालिस्टची त्यापुढची.

आणि त्याला एक काम द्या. वरच्या दहा कंपन्यांची वजनं घ्यायची, दिवसअखेरची त्यांची चाल घ्यायची, आणि पायथॉनमध्ये स्वतः काढायचं की निर्देशांक किती हलायला हवा होता आणि किती हलला. हे दोन महिने करायचं. पुढची पायरी म्हणजे आपल्या एनएसईवर 2011 पासून असलेला मोतीलाल ओसवालचा नॅसडॅक 100 ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता येणारा फंड. म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर मर्यादा असल्याने तो कधीकधी मूळ मूल्यापेक्षा महाग विकला जातो. तो फरक रोज टिपायचा. हे रात्री जागून करावं लागत नाही, सकाळी चहाबरोबर होतं. पुण्यात बार्कलेज, डॉइच बँक यांची मोठी केंद्रं आहेत, निर्देशांक बनवणारी एमएससीआय मुंबई-पुण्यात आहे. तिथे रिस्क आणि डेटाच्या कामाला असा पोरगा मुलाखतीत उठून दिसतो. फक्त पदवी हातात लागते, म्हणून राहिलेले दोन विषय आधी.

मार्च 2000 मध्ये हाच निर्देशांक 4,700 वर होता. ऑक्टोबर 2002 मध्ये 800 वर आला, आणि जुनी उंची गाठायला 2015 उजाडलं. हा आलेख त्याच्याबरोबर बसून एकदा बघा. तुम्ही काही बोलायची गरज नाही.

अ‍ॅपमध्ये नवे पैसे टाकणं आजपासून बंद. आहेत ते काढायला गेल्यावर 'आधी टॅक्स भरा, मग मिळतील' असं उत्तर आलं, तर एक रुपयाही भरू नका आणि त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. ज्या यूपीआय खात्यांवर पैसे गेलेत, त्यांची यादी आजच त्याच्याकडून वहीत उतरवून घ्या. पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहू द्या. ओरॅकलचं उत्तरही त्यातच येऊ दे.