होलोग्राफिक डिस्कची वाट पाहू नका, आधी टेप उतरवून घ्या

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप उडाली. वडिलांच्या कीर्तनांच्या १४० मिनी-डीव्ही टेप (व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेट), सगळ्या एकाच लोखंडी कपाटात, आणि प्रश्न असा की २०० टेराबाइटच्या डिस्कची बातमी आली आहे, होलोग्राफिक डिस्कही येतील म्हणतात, तर आत्ता हार्ड डिस्कवर खर्च कशाला करायचा, थोडं थांबू का? हाच प्रश्न २००७ साली मी स्वतःला विचारला होता आणि थांबायचं ठरवलं होतं. त्यापायी माझ्या ३८ टेप गेल्या. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

टेप संगणकावर कशी घ्यायची, फायरवायरची केबल कुठली, हे लिहीत बसत नाही. ते तुम्हाला माहीत असणार.

माझ्याकडे दशावतारी नाटकं होती. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला या पट्ट्यातल्या जत्रांमधून सहा हंगाम रात्र रात्र जागून घेतलेल्या २१२ टेप. दशावतारात नाटकाची लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या होतात, त्यामुळे एका रात्री रंगलेलं नाटक तसंच्या तसं पुन्हा कधीच होत नाही. तासाभराच्या एका टेपचे साधारण १३ जीबी होतात, म्हणजे २१२ टेपचे पावणेतीन टेराबाइट. डीव्हीडी ४.७ जीबीची. एका टेपला तीन धरल्या तर ६३६ डीव्हीडी. आकडा बघूनच हातपाय गळाले.

नेमकी तेव्हाच कोलोरॅडोतल्या इनफेज कंपनीची बातमी वाचली. बेल लॅब्स या अमेरिकेतल्या नावाजलेल्या संशोधन संस्थेतून निघालेली कंपनी, ३०० जीबीची होलोग्राफिक डिस्क, ५० वर्षं टिकण्याचा दावा. वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला, तर माझं सगळं काम दहा डिस्कमध्ये बसत होतं. ते पान अजून माझ्याकडे आहे. 'दहा'भोवती दोनदा गोल केलेला आहे.

आकर्षण का वाटलं तेही सांगतो, कारण कल्पना खरोखर सुंदर आहे. सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे या सगळ्यांत पातळ थरावर एकामागून एक बिट लिहिले जातात. होलोग्राफीत लेसरचे दोन भाग करतात. एक किरण काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं आख्खं पान घेऊन येतो, इनफेजच्या ड्राइव्हमध्ये अशा एका पानात सुमारे १४ लाख बिट असत. दुसरा कोरा संदर्भ-किरण. दोघं जिथे एकमेकांना छेदतात तिथे दीड मिलिमीटर जाडीच्या फोटोपॉलिमरमध्ये नक्षी उमटते. संदर्भ-किरणाचा कोन किंचित बदलला की त्याच जागेवर दुसरं पान लिहिता येतं, मग तिसरं, असं करत करत. वाचताना फक्त संदर्भ-किरण त्याच कोनातून सोडायचा, पूर्ण पान एकदम सेन्सरवर हजर. डेनिस गॅबोर यांना ज्या होलोग्राफीसाठी १९७१ चं नोबेल मिळालं, तिचाच हा उपयोग.

अडचणही त्या कोनातच आहे. लिहिताना पॉलिमर थोडं आकसतं, तापमान बदललं की फुगतं किंवा आकसतं. जरा हललं की कोन चुकतो आणि पान नीट उघडत नाही. शिवाय कोऱ्या डिस्कला उजेड चालत नाही, म्हणून ती बंद डब्यात ठेवायची. प्रयोगशाळेत हे सगळं सांभाळता येतं. आमच्याकडे जुलैत भिंतींना पाणी सुटतं, तिथे काय झालं असतं याचा मी तेव्हा विचारच केला नाही.

आता माझी चूक. टेप उतरवण्यासाठी मी अनुदानाचा अर्ज केला आणि त्यात लिहिलं, 'होलोग्राफिक ड्राइव्ह एक नग, डिस्क दहा नग.' अमेरिकेत तेव्हा ड्राइव्हची किंमत १८,००० डॉलर आणि एका डिस्कची १८० डॉलर सांगितली जात होती. रुपयांत एकट्या ड्राइव्हचे साडेसात-आठ लाख, वर जकात वेगळी. तीच रक्कम मी मागितली. पाच-सहा हार्ड डिस्क आणि एक बरा संगणक एवढंच मागितलं असतं तर कदाचित अनुदानाची गरजही पडली नसती, दोघा-तिघा मित्रांनी मिळून भागवलं असतं.

कार्यालयाचं नाव घेत नाही. त्यांनी तीन पुरवठादारांची दरपत्रकं मागितली. जी वस्तू बाजारात एकही दुकानदार विकत नाही, तिची तीन दरपत्रकं! मी एसटीने चार खेपा घातल्या. दर वेळी 'प्रस्ताव प्रक्रियेत आहे'. तिसऱ्या खेपेला मी हात जोडून म्हटलं, ड्राइव्ह राहू द्या, हार्ड डिस्क द्या, पावसाळा तोंडावर आहे. उत्तर मिळालं की या टप्प्यावर तपशील बदलता येत नाही, नव्या आर्थिक वर्षात नवा अर्ज करा. टेप कुठे ठेवल्यात, कशा आहेत, हे त्या तीन वर्षांत एकानेही विचारलं नाही. याचा राग मला आजही आहे आणि तो मी लपवत नाही. पण टेप माझ्या घरी होत्या, कॅमेरा माझ्या घरी होता. रोज एक टेप उतरवायला मला कुणाच्या मंजुरीची गरज नव्हती. ती जबाबदारी माझीच.

इनफेजची तारीख पुढे पुढे जात राहिली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनी बंद झाली. माझी नस्तीही 'त्रुटींची पूर्तता न केल्याने' दप्तरी दाखल झाली.

त्या दिवाळीत कपाट उघडलं. टेपची डबी उघडल्यावर कुबट वास आला. छोट्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसत होते, पिठी भुरभुरावी तसे. ती बुरशी आहे हे मला कळलं नाही आणि मी ती टेप कॅमेऱ्यात घातली. चित्र चौकोन चौकोन होऊन फुटायला लागलं. पेटी दोन सेकंद ऐकू येई, मग शांतता. आडदशावतारातला, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागातला, संकासुर काहीतरी मालवणीत बोलला, प्रेक्षक हसले, पण तो काय बोलला ते त्या टेपवरून आता कुणालाच सांगता येणार नाही. ते काम करणारे गृहस्थ आदल्याच वर्षी गेले होते. त्यावर कळस म्हणजे त्याच कॅमेऱ्यात मी पुढच्या टेप घातल्या आणि हेडवरची (टेप वाचणाऱ्या भागावरची) घाण चांगल्या टेपना लागली. ३८ मधल्या किती अशा गेल्या ते देव जाणे. म्हणून सांगतो, ठिपके दिसले तर ती टेप लावूच नका. वेगळी काढा, बाकीच्या आधी उतरवा, आणि बुरशीची टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या. उन्हात वाळवणं, हेअर ड्रायर, असले उपाय अजिबात नकोत.

तुम्ही लिहिलेल्या २०० टेराबाइटच्या डिस्कबद्दल. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये शांघायच्या संशोधकांनी ती मांडली. शंभर थरांत लिहिणारी डिस्क आहे, होलोग्राफिक नव्हे, आणि तो प्रयोगशाळेतला निकाल आहे. जपानच्या ऑप्टवेअर कंपनीची एचव्हीडी ही होलोग्राफिक डिस्क आठवते का? ३.९ टेराबाइटपर्यंतच्या गप्पा होत्या, २००७ मध्ये २०० जीबीच्या डिस्कचं एक्मा या मानकं ठरवणाऱ्या संघटनेचं मानकसुद्धा छापून आलं, पण दुकानात डिस्क आली नाही. जनरल इलेक्ट्रिकने २००९ मध्ये ५०० जीबीची दाखवली, तीही आपल्यापर्यंत पोचली नाही. इनफेजचं तंत्रज्ञान पुढे अकोनिया कंपनीकडे गेलं, ती एआर चष्म्यांच्या (समोरच्या दृश्यावर संगणकाचं चित्र दाखवणाऱ्या) काचांकडे वळली आणि २०१८ मध्ये ॲपलने ती घेतली. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या सुमारास क्रिस्टलमध्ये होलोग्राफिक साठवणीचे प्रयोग केले, पण ते क्लाउडच्या केंद्रांसाठी. मी इंजिनियर नाही, हे माझं वाचन आणि माझं मत. पण घरगुती कपाटासाठी हे कुणी बनवतंय असं मला तरी दिसत नाही.

आणि समजा उद्या आलीच, तरी तुमचं काय बिघडेल? टेप जेवढ्या तासांची तेवढेच तास उतरायला लागतात. रोज तीन टेप धरल्या तर १४० टेपना दीड महिना. एकदा फाइल हार्ड डिस्कवर आली की नव्या कुठल्याही माध्यमावर न्यायला एक-दोन दिवस पुरे. म्हणजे थांबून वाचत काहीच नाही, टेप मात्र रोज म्हाताऱ्या होतात.

तुमचं सगळं साधारण १.८ टेराबाइट होईल. २ टीबीची डिस्क फार काठोकाठ होईल, ४ टीबीच्या दोन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. तिसरी प्रत दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा मित्राकडे. मूळ डीव्ही फाइल तशीच राहू द्या, जागा वाचवायला लहान करून मूळ पुसू नका. कुठल्याही बॅकअप सॉफ्टवेअरच्या खास पेटाऱ्यात कोंबू नका, साध्या फोल्डरमध्ये ठेवा, गाव-तारीख-आख्यान अशी नावं देऊन. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइल जराही बदलली तर बदलणारा तपासणी-आकडा) काढून यादी करा आणि वर्षातून एकदा ताडून पाहा. ब्लू-रेवर जास्तीची प्रत करायला हरकत नाही, पण सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं, तेव्हा त्यावरच विसंबू नका. ब्लू-रे डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका. एलटीओ टेप (मोठ्या संस्था डेटा साठवायला वापरतात ती) उत्तम, पण ड्राइव्हलाच लाखांत पैसे जातात आणि नवा ड्राइव्ह फार जुनी टेप वाचत नाही. दोन टेराबाइटसाठी तो खटाटोप मी करणार नाही, संस्था असेल तर गोष्ट वेगळी.

एक राहिलं. टेप एसपी मोडमध्ये (नेहमीच्या वेगाने) घेतल्यात की एलपीमध्ये (टेप जास्त वेळ पुरावी म्हणून संथ वेगाने), ते आधी तपासा. एलपीमधली टेप बहुधा ज्या कॅमेऱ्याने घेतली त्यावरच नीट चालते, म्हणून वडिलांचा मूळ कॅमेरा भंगारात देऊ नका. तो चालू आहे का आणि कुठलं मॉडेल आहे ते लिहा, हेड साफ करायची टेप माझ्याकडे एक जादा आहे, कुरियरने पाठवतो.